टाकेबाईंनी शिवलेले मुसके

'मुसके' म्हटले की तुमच्या कपाळावर आठी पडते, हे मला ठाऊक आहे, मित्रांनो. दोष तुमचा नाही. चोर पकडले की वर्तमानपत्रे लिहितात, 'मुसक्या आवळल्या'. कोणाला बोलू दिले नाही की म्हणतात, 'मुस्कटदाबी केली'. आमच्या कुळाचे नावच असे बद्दू झालेले. पण मी आजवर कोणाचीही मुस्कटदाबी केलेली नाही. चामड्याच्या अकरा पट्ट्या एकमेकींत गुंफून केलेले, एका भल्यामोठ्या कुत्र्याच्या तोंडावर बसणारे मी एक पिंजऱ्यासारखे मुसके आहे. माझ्या आत तोंड उघडता येते, धापा टाकता येतात, पाणीसुद्धा पिता येते. आता माझा रंग उडाला आहे, पट्ट्यांना सुरकुत्या पडल्या आहेत. तरी आयुष्यात जे पाहिले त्याचे नवल अजून ओसरलेले नाही, म्हणून सांगायला बसले आहे.

मुसके होण्याआधी मी कोऱ्या चामड्याची एक गुंडाळी होते. बंदराकडे उतरत जाणाऱ्या एका गल्लीत, रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली, एक लहानसे दुकान होते. त्याच्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. तिथे एक बाई चामड्याच्या पिशव्या आणि पट्टे शिवत. त्यांचे खरे नाव कोणी घेत नसे. त्यांचे टाके इतके सारखे पडत, की सगळे त्यांना टाकेबाई म्हणत. चामड्याला भोक पाडायची आरी त्यांच्या उजव्या मुठीत असे आणि अंगठा तिच्या टोकाला दिशा देत असे. तो अंगठा जिकडे वळेल तिकडे चामडे मुकाट्याने वळायचे. गिऱ्हाईक पिशवी घेऊन निघाले तरी दारात उभे राहून टाक्यांवरून बोट फिरवत राहायचे.

चामड्याचा व्यापारी बागेच्या पलीकडे राहत असे. टाकेबाई सकाळी चालत जायच्या आणि गुंडाळी काखेत मारून बागेतूनच परत यायच्या. त्या दिवशी त्यांच्या काखेत मी होते.

त्याच बागेत एक गृहस्थ रोज आपले कुत्रे फिरवायला आणत. बंदरावर बत्तीस वर्षे क्रेन चालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. गल्लीत त्यांना क्रेनकाका म्हणत. बंदराच्या फाटकाशी कोणीतरी खोक्यात सोडून दिलेले ओंजळीएवढे पिल्लू त्यांनी घरी आणले होते आणि त्याचे नाव ठेवले होते चिमण. दोन वर्षांत चिमणचे वजन काकांच्या वजनाला येऊन भिडले. डोके बादलीएवढे, छाती पिंपासारखी. नाव चिमण, आणि चालू लागला की शेजाऱ्यांच्या कपाटातल्या बश्या वाजायच्या!

बागेच्या फाटकावर पाटी होती, 'कुत्री बांधून ठेवा'. काका ती रोज वाचत, मान डोलवत आणि आत आल्यावर साखळी सोडत. कोणी दचकले, कोणी पोराला उचलून घेतले, की लांबूनच हाक मारत, "घाबरू नका हो, काही करत नाही तो!" ते खोटे बोलत नव्हते. चिमणने तोवर खरोखरच कोणाला काही केले नव्हते. पण मित्रांनो, 'अजून केले नाही' आणि 'करत नाही' यांच्यामध्ये एक दरी असते. काका ती रोज डोळे मिटून ओलांडत होते.

चिमणला माझा वास आला. कोऱ्या चामड्याचा वास कुत्र्याला वेड लावतो. तो हिरवळीवरून धावत सुटला. टाकेबाईंनी त्याला येताना पाहिले आणि त्यांचे पाय जमिनीला खिळले. तीस पावलांवरून काकांची नेहमीची हाक आली. ती पोचायच्या आत मी चिमणच्या तोंडात होते.

ते तोंड मी कधी विसरणार नाही. कातडे कमावणाऱ्याच्या फिरत्या पिंपातून मी गेलेले, रोलरखालून निघालेले. तरीही अशी ताकद मला ठाऊक नव्हती. वरून-खालून दोन दारे मिटावीत तसे ते मिटले. चार सुळे माझ्यात आरपार गेले, आणि गंमत अशी की त्या तोंडात राग अजिबात नव्हता. शेपूट हलत होती. तो खेळत होता.

टाकेबाईंनी मला सोडून द्यायला हवे होते. पण चांगले चामडे हातचे जाऊ देणे त्यांच्या रक्तात नव्हते. त्यांनी ओढले. चिमणला वाटले, वा, या बाई खेळतात! पकड नीट करायला त्याने क्षणभर तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. तेवढ्यात टाकेबाईंचा अंगठा मध्ये आला होता.

चिमण रागाने चावला नाही, हे मी शपथेवर सांगते. पण राग आणि खेळ यांतला फरक अंगठ्याला कळत नाही.

नऊ टाके पडले. आतली शीरही दुखावली होती. हात गळ्यात अडकवून टाकेबाई दुकानात परतल्या तेव्हा चेहरा पांढराफटक होता, तरी त्या लेकीला म्हणाल्या, "जन्मभर मी टाके घातले, आज मला घातले. डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांचा टाका कच्चा आहे गं." त्यांची लेक औषधांच्या दुकानात काम करत असे. तिला हसू आले नाही. आईच्या हातावर घर उभे राहिलेले तिने पाहिले होते.

दिवस मावळायच्या आत क्रेनकाका आले. तिसरी पायरी उतरायचा त्यांना धीर होईना. दुसऱ्या पायरीवरूनच त्यांनी एक कार्ड पुढे केले.

"ताई, हे चिमणच्या लशींचं कार्ड. एकही चुकलेली नाही. डॉक्टरांना दाखवा. तुमची इंजेक्शनं मात्र सगळी घ्या, मध्येच सोडू नका."

"लशी वेळच्या वेळी दिल्यात," लेक म्हणाली, "आणि साखळी? ती कुत्र्याला नको काका, तुम्हालाच घालायला हवी होती."

काकांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "बाळ, बरोबर बोललीस. बत्तीस वर्षं लोकांच्या डोक्यावरून लोखंड नेलं मी. ओझं बिचारं गरीब आहे, ते काही करत नाही, असं म्हणून साखळी तपासल्याशिवाय एकदाही उचललं नाही. आणि हे जिवंत ओझं मात्र..." ते उलट्या पावली पायऱ्या चढून गेले.

लेकीने त्याच दिवशी नगरपालिकेला अर्ज लिहिला: हे कुत्रे धोक्याचे आहे, ते घेऊन जावे. खाली आईची सही हवी होती. टाकेबाईंनी अर्जाकडे पाहिले, आपल्या हाताकडे पाहिले. "सही करायला हात उठत नाही. आणि अंगठा उठवायचा म्हटलं, तर अंगठाच पट्टीत बांधलाय! राहू दे तो कागद. हात बरा होऊ दे, मग बघू."

डॉक्टरांच्या सांगण्यावरून चिमणवर दहा दिवस लक्ष ठेवले गेले. तो ठणठणीत होता. पण काकांच्या अंगणातून बाहेर त्याला कोणी आणले नाही. इकडे मी फळीवर पडून होते, माझ्यात चार भोके. टाकेबाईंनी बागेचे नाव सोडले. व्यापाऱ्याकडे जायचे तर मोठ्या रस्त्याने लांबचा वळसा घालून जात. खिडकीबाहेरून कोणाचे चार पायांचे जनावर गेले तरी त्यांचा श्वास अडकायचा. मला ते ऐकू यायचे.

दोन महिन्यांनी पट्टी निघाली. अंगठ्याचे वरचे पेर वाकेना. टाकेबाईंनी आरी मुठीत धरली, ती खाली पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ती उचलली नाही, नुसत्या तिच्याकडे बघत बसल्या. नेमके तेव्हाच पायऱ्यांवर काकांचे पाय दिसले. हातात पिशवी, पिशवीत बाजारातली चार मुसकी.

"मागायला तोंड नाही ताई, तरी मागायला आलोय," काका म्हणाले. "जनावरांच्या डॉक्टर म्हणतात, मुसकं असं हवं की आत तोंड उघडता आलं पाहिजे, नाहीतर उन्हात जीव घुसमटतो. ही चारही त्याच्या तोंडावर चढत नाहीत. कापडाचं चढतं, पण त्यात तो धापा टाकू शकत नाही. एवढ्या मोठ्या तोंडाचं शिवून देणारं दुसरं कोणी नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी समजू शकतो. मग तो अंगणातच राहील, मरेपर्यंत."

लेक नेमकी दुकानामागच्या घरातून बाहेर आली होती. ती उसळून म्हणाली, "आई, ज्यानं तुझा हात फाडला त्याला तू शिवून देणार?"

"अगं, त्यालाच द्यायला हवं," टाकेबाई म्हणाल्या. "ज्यानं फाडला नाही त्याला देऊन काय उपयोग?"

त्यांनी फळीवरून मला खाली घेतले, चार भोकांवरून डाव्या हाताचे बोट फिरवले. "पिशवीला हे आता चालायचं नाही. याचंच करू. माप लागेल."

"मी घेऊन येतो माप."

"दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर मी आजवर काम केलं नाही."

लेक आईच्या तोंडाकडे बघत राहिली, काका जमिनीकडे.

दुसऱ्या दिवशी मी टाकेबाईंच्या पिशवीतून काकांच्या अंगणात गेले. चिमणला भिंतीतल्या कडीला दोन साखळ्यांनी बांधले होते आणि काका त्याचा गळपट्टा दोन्ही हातांनी धरून जमिनीवर बसले होते. टाकेबाई फाटकातच थांबल्या. गळ्यात मोजायची फीत होती, तिची टोके थरथरत होती.

"काका, मला भीती वाटतेय."

"मग राहू द्या ताई. खरंच राहू द्या."

"राहू द्या म्हणायला आले नाही मी. नुसतं सांगून ठेवलं. भीत भीतच घ्यायचंय माप."

त्या पुढे आल्या, गुडघ्यांवर बसल्या. दोन डोळ्यांच्या मधून नाकाच्या शेंड्यापर्यंतचे अंतर घेतले. थुंकाळलेल्या ओठांवरून फीत फिरवून तोंडाचा घेर घेतला. खिशातून त्यांनी एक घडीचा कागद काढला आणि पाठकोऱ्या बाजूवर डाव्या हाताने आकडे लिहिले. तो कागद म्हणजे तोच सहीविना राहिलेला अर्ज होता. काकांना ते कळले नाही. मला कळले.

"आता धापा टाकताना तोंड केवढं उघडतं, ते हवं," त्या म्हणाल्या.

म्हणजे चिमणला दमवायला हवे होते. काकांनी एक साखळी सोडली, दुसरी मुठीला गुंडाळली आणि त्याच्यासह अंगणात फेऱ्या घालायला सुरुवात केली. पाच झाल्या, दहा झाल्या. चिमण मजेत. शेवटी दोघेही जिभा बाहेर काढून टाकेबाईंसमोर येऊन बसले.

"तुमचं माप नकोय," टाकेबाई काकांना म्हणाल्या आणि हसल्या. अंगठा दुखावल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या होत्या.

मग ती जादू झाली. दुसरा शब्द मला सुचत नाही. टाकेबाईंनी फीत त्या उघड्या जबड्याभोवती नेली. आत ते चार सुळे होते, ज्यांना माझ्याइतके जवळून कोणीच ओळखत नव्हते. गरम श्वास त्यांच्या ताठ अंगठ्यावर येत होता. चिमणने मनात आणले असते तर फीत, हात, सगळे एका घासात गेले असते. पण तो नांगर टाकलेल्या जहाजासारखा जागच्या जागी राहिला. कानसुद्धा हलवला नाही. थरथरत होता तो फक्त माणसाचा हात. केवढे बळ, आणि ते किती गप्प बसू शकते! मी पिशवीत होते, तरी माझ्या अंगावर काटा आला.

घरी आल्यावर टाकेबाईंनी मला कापले. अकरा पट्ट्या काढल्या. सुळ्यांची भोके आलेला भाग टाकून न देता तो पट्ट्यांच्या जोडात दुमडून घेतला, तिथे जाड चामडे हवेच होते. शिवायला मात्र हात नवाच होता. अंगठा दिशा देईना, म्हणून त्यांनी आरी दोन बोटे आणि तळहात यांच्यामध्ये धरायला शिकून घेतले. पहिल्या दिवशी तीन टाके पडले, त्यातले दोन त्यांनी उसवले. तळहाताला फोड आला, फुटला, पुन्हा आला. लेक रोज कामावरून येऊन हे बघायची आणि दात-ओठ खात आत निघून जायची. नवव्या दिवशी ती आत गेली नाही. आईसमोर बसली आणि न बोलता दोऱ्याला मेण लावून देऊ लागली.

एकविसाव्या दिवशी मी पुरे झाले. तुम्ही मला हातात घेतलेत तर दिसेल, डावीकडचे टाके वाकडे आहेत आणि उजवीकडे जाता जाता ते सरळ होत गेले आहेत. माझ्या अंगावर टाकेबाईंचा हात पुन्हा शिकला. याहून मोठी श्रीमंती चामड्याच्या तुकड्याला काय हवी!

काकांना मला लगेच चिमणच्या तोंडावर चढवायचे होते. जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना थांबवले. "जबरदस्तीनं घालू नका. त्याला घालून घेऊ द्या," त्या म्हणाल्या. तेव्हा काका मला वाटीसारखे हातात धरायचे आणि माझ्या तळाशी उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवायचे. चिमण तोंड घालायचा, अंडे खायचा, तोंड काढायचा. पट्टा कोणी लावायचे नाही. आठवडाभर मी म्हणजे नुसते ताट होते. मग पट्टा एका क्षणापुरता लावला, मग दोन. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी काकांनी मला पुढे धरले, अंडे घालायचे ते विसरले होते, आणि चिमणने येऊन आपले तोंड आपणहून माझ्यात सरकवले. एका झटक्यात त्याने माझ्या चिंध्या केल्या असत्या. तरी रोज सकाळी त्याने ते असेच सरकवले. मी त्याला कधी बांधले नाही, मित्रांनो. तो मला परवानगी देत होता, आणि प्रत्येक वेळी मला तितकेच नवल वाटत होते.

आम्ही रस्त्यावर आलो. काका आता बदललेले होते. वळणावर साखळी आखूड धरायची. जनावरांच्या डॉक्टरांच्या इमारतीत जिन्यात कोणी समोरून आले तर चिमणला भिंतीकडे घेऊन स्वतः मध्ये उभे राहायचे. लिफ्टचे दार उघडल्यावर आत जायच्या आधी विचारायचे, "आम्ही आलो तर चालेल का?" कोणी नको म्हटले तर हसून पुढच्या लिफ्टची वाट बघायची. खिशात कागदी पिशव्या. जे हात जहाजाच्या पोटातून पोलादाच्या लाद्या काढायचे, ते भर रस्त्यात वाकून चिमणची घाण उचलायचे, आणि चिमणचे म्हणजे काही चमच्याने उचलण्याचे काम नव्हे!

सगळ्यांना मी आवडत होते असे नाही. काही जण मला बघून रस्ता ओलांडत, की हे कुत्रे नक्की माणसे खाणारे असणार. एका बाईने तर काकांना भर चौकात खडसावले, "मुक्या जनावराचं तोंड बांधता? बिचाऱ्यानं काय केलंय?"

"त्यानं काही नाही केलं बाई," काका म्हणाले. "चूक माझी होती. मुसकं तो घालतो."

काही महिन्यांनी काकांनी टाकेबाईंच्या लेकीबरोबर निरोप पाठवला: आम्ही सकाळी सातला बागेत असतो, ताईंना नको असेल तर वेळ बदलतो. उलट निरोप आला: बाग तुमची नाही आणि माझीही नाही, सातलाच या. आणि दुसऱ्या दिवशी सातला टाकेबाई वाटेच्या टोकाला उभ्या! काकांनी त्यांना लांबूनच ओळखले. ते वाट सोडून हिरवळीवर उतरले, साखळी आखूड केली, चिमणला बसवले आणि स्वतः त्याच्यापुढे उभे राहिले. टाकेबाई वाटेच्या पलीकडच्या कडेने चालत आल्या. मूठ घट्ट आवळलेली. समोरून जाताना त्यांनी मान किंचित हलवली, काकांनीही. त्या गेल्यावर काका पुन्हा वाटेवर आले.

मग रोजच असे होऊ लागले. बोलणे नाही, काही नाही. टाकेबाईंची भीती गेली नाही, ती कधीच गेली नाही. पण भीतीसकट त्यांना त्यांची वाट परत मिळाली होती.

माझी खरी परीक्षा तिसऱ्या वर्षी झाली. बस थांब्याशी काका बाकावर बसले होते. चिमण पायांशी पेंगत होता, साखळी काकांच्या मनगटाला. बाकाच्या मागून एक दीड वर्षाचे मूल बापाचा हात सोडून दुडदुडत आले आणि चिमणच्या शेपटीवर धपकन बसले. चिमण झोपेतून कळवळून उठला, वळला आणि त्याचे तोंड मुलाच्या गालावर आदळले.

माझ्या आत जबडा उघडला आणि मिटला. खाडकन. तो आवाज फक्त मला ऐकू आला. ओठाजवळच्या पट्टीला सुळा घासून गेला आणि पट्टीच्या दुसऱ्या बाजूला त्या मुलाचा मऊ, गरम गाल टेकलेला होता. दात आणि गाल यांच्यामध्ये माझी जाडी, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी! तेवढ्या जाडीत काय काय मावले होते, याचा मी आजही विचार करते.

मूल भोकाड पसरून रडले. बापाने झडप घालून त्याला उचलले. गालावर पट्टीचा लाल वळ होता, दुसरे काही नाही. बाप काकांवर ओरडायला वळला, त्याची नजर माझ्यावर पडली आणि त्याने आवाज उतरवला. तो म्हणाला, "हे नसतं तर..."

काका तिथेच फरशीवर चिमणच्या गळ्यात हात टाकून बसले. मग मुलाची विचारपूस केली, आपला पत्ता लिहून दिला, आणि तिथून तडक टाकेबाईंच्या दुकानात आले. चिमणला बाहेर लेकीच्या नजरेसमोर खांबाला बांधले, मला काढून आत नेले आणि घडले ते सगळे सांगितले. सांगताना ते लहान मुलासारखे रडत होते.

टाकेबाईंनी मला उजेडात धरले. एकेक टाका ओढून पाहिला. मग विचारले, "कुठे सैल वाटलं का काका?"

"नाही ताई."

"बाळाला जास्त लागलं?"

"वळ उठला. जाईल उद्यापर्यंत."

"ती कड मऊ करून देते," त्या म्हणाल्या आणि आरी उचलली.

एवढेच. मला वाटले होते काहीतरी मोठे बोलतील. पण त्यांचे डोळे भरले होते आणि भरल्या डोळ्यांनी त्या सुईत दोरा ओवत होत्या.

पुढे एकदा माझेही वाईट दिवस आले. काकांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि महिनाभर त्यांचा भाचा चिमणला फिरवू लागला. "एवढ्या गरीब कुत्र्याला हे कशाला?" म्हणत त्याने मला खिळ्यावर टांगले. तेल नाही, फडके नाही. माझ्या पट्ट्या वाळून तडकल्या. नशिबाने काही वाईट झाले नाही. पण त्या महिन्यात टाकेबाई बागेत आल्या नाहीत, आणि आणखी कोण कोण आले नाही ते कोणी मोजले नाही. काका कुबड्या घेऊन घरी आले आणि बसल्या बसल्या आधी त्यांनी मला तेल चोळले. भाच्याला म्हणाले, "तो गरीब आहे हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. समोरून येणाऱ्याला कसं माहीत असणार?"

चिमण अकरा वर्षे जगला. एवढ्या मोठ्या कुत्र्याला ते खूपच झाले. शेवटी मागचे पाय उठेनासे झाले. जनावरांच्या डॉक्टर घरी यायच्या होत्या, त्या सकाळी टाकेबाई फाटकात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना पाहताच काकांचा हात सवयीने माझ्याकडे आला.

"नको," टाकेबाई म्हणाल्या. "रस्त्यावर ठीक आहे. हे त्याचं घर आहे."

त्या हातभर अंतरावर बसल्या. ताठ अंगठ्याचा हात त्यांनी पुढे केला. तो अर्ध्यावर हवेत थांबला, पुढे जाईना. चिमणने डोके जरासे उचलले, त्या हाताचा दीर्घ वास घेतला आणि डोके पुन्हा खाली ठेवले. स्पर्श झालाच नाही. त्या दोघांत तेवढेच झाले. मी खिळ्यावरून बघत होते, आणि मला वाटले, यापुढे बघायला काही नसले तरी चालेल.

चिमण गेल्यावर आठवड्याने काका एकटेच बागेत गेले. मी त्यांच्या कोटाच्या खिशात होते. समोरून टाकेबाई आल्या. काका वाट सोडून हिरवळीवर उतरले आणि उभे राहिले. शेजारी कोणीच नव्हते.

टाकेबाई थांबल्या. "आता कशाला उतरलात?"

काकांनी आपल्या पायांकडे पाहिले. "मी नाही उतरलो ताई. पाय उतरले."

"मग त्यांना वर आणा," टाकेबाई म्हणाल्या. "वाट रुंद आहे."

इतक्या वर्षांत प्रथमच ते दोघे एका वाटेने चालले. त्याच दिवशी काकांनी मला टाकेबाईंच्या हवाली केले.

आता मी दुकानाच्या खिडकीशी टांगलेले असते. कधी कोणी थोराड कुत्र्याचा धनी पायऱ्या उतरून येतो, मला हातात घेतो आणि म्हणतो, "हेच द्या की." टाकेबाई देत नाहीत. "ते दुसऱ्याच्या मापाचं आहे. तुमचा घेऊन या, मी माप घेते." आणि अजूनही, प्रत्येक वेळी, गळ्यातल्या फितीची टोके थरथरतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रे असेल तर त्याच्यावर माया करा, हे मी सांगायला नको. पण त्याच्या बळाचेही माप घ्या. बाहेर नेताना साखळी हातात असू द्या, त्याची घाण तुम्ही उचला, आणि समोरून येणारे कोणी थबकले तर त्याला हसू नका. त्याच्या मनात काय आहे, त्याच्या हातावर काय आहे, तुम्हाला ठाऊक नसते. दोन पावले बाजूला व्हा आणि त्याला जाऊ द्या. वाट त्याचीही आहे.